दक्षिण आफ्रिकेतली सिंहांची पार्कं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रिटोरियात राहून आम्हाला आता बारा वर्षं होतील. दिवाळी उरकली की फोन सुरू होतात. कुणाची मावशी टूरबरोबर येणार असते, कुणाचा भाचा लग्नानंतर फिरायला येणार असतो. केप टाउन आणि सन सिटीचं बोलणं झालं की पुढचा प्रश्न ठरलेला: "ते सिंहाच्या पिल्लाला मांडीवर घेऊन फोटो काढतात ना, ते कुठे?" दरवेळी 'तसा फोटो काढू नका' हेच सांगून घसा कोरडा पडतो, म्हणून सगळं एकदा इथे लिहून ठेवते आहे. मी प्राणिशास्त्राची अभ्यासक नाही. सुट्टी मिळाली की गाडी काढून जंगल गाठणारी बाई आहे, एवढंच.

नॅशनल पार्क, गेम रिझर्व्ह, लायन पार्क, सँक्च्युअरी: सगळं एकच का?

अजिबात नाही, आणि गोंधळाचं मूळ इथेच आहे. क्रूगर हे नॅशनल पार्क आहे. जवळपास वीस हजार चौरस किलोमीटरचं खरंखुरं जंगल, तिथला सिंह स्वतः शिकार करून जगतो. गेम रिझर्व्ह म्हणजे कुंपण असलेलं, सरकारी किंवा खाजगी मालकीचं रान. त्यातली मोठी रिझर्व्ह उत्तम असतात. लायन पार्क हा मात्र व्यवसाय आहे. जाळीच्या आवारात सिंह, बाहेर तिकीट खिडकी आणि बहुतेक ठिकाणी कॅफे.

'सँक्च्युअरी' या शब्दाने आपली माणसं हमखास फसतात, कारण आपण त्याचं लगेच 'अभयारण्य' करून टाकतो. आपल्याकडे अभयारण्य जाहीर करायला सरकार लागतं. इथे ती पाटी कुणीही लावू शकतो. इथल्या खऱ्या सँक्च्युअरीचं नातं कोयना-राधानगरीशी नाही, जुन्नरजवळच्या माणिकडोह बिबट निवारा केंद्राशी आहे. जंगलात परत सोडता न येणाऱ्या जनावराला शेवटपर्यंत सांभाळायची जागा.

पण पार्कवाले सांगतात की पिल्लं अनाथ आहेत, आईने टाकलेली. मग त्यांना दूध पाजलं तर बिघडलं कुठे?

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. सिंहिणी कळपात राहतात आणि एकमेकींच्या पिल्लांना दूध पाजतात. एखादी आई मेली तरी मावशा असतात. मग महिनोन्महिने, वर्षानुवर्षं, नेमकी सुट्टीच्या हंगामात अनाथ पिल्लं येतात कुठून?

ती येतात मागच्या बाजूच्या पिंजऱ्यांतून. पिल्लू जन्मल्यावर काही दिवसांतच आईपासून काढून घेतात. कारणं दोन. एक, पिल्लाला माणसाच्या हाताची सवय लागते. दुसरं, पिल्लू गेलं की सिंहीण लवकर पुन्हा माजावर येते. जंगलात तिची दोन वेतं साधारण दोन वर्षांच्या अंतराने होतात, इथे एका वर्षात दोनदासुद्धा पिल्लं काढतात. आपल्याकडे गोठ्यात वासरू तोडणं काय असतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना जास्त सांगायला नको.

पुढचा प्रवास वयाप्रमाणे ठरलेला. काही महिन्यांपर्यंत मांडीवरचे फोटो आणि बाटलीने दूध. नखं-दात वाढले की 'वॉक विथ लायन्स', म्हणजे काठी हातात घेऊन सिंहाबरोबर फेरफटका. दीड-दोन वर्षांचा झाला की त्याच्याजवळ जाणं धोक्याचं होतं. मग मादी पैदाशीला लागते. नराचं काय होतं? कित्येकदा तो शिकाऱ्याला विकला जातो. कुंपणाच्या आत, पळायला जागा नसलेल्या जनावराला गोळी घालायची. याला इथे 'कॅन्ड हंटिंग' म्हणतात, डब्यात बंद केलेली शिकार. माणूस बघून न पळणारा सिंह मारायला शौर्य कसलं लागतं, देव जाणे. उरलेली हाडं आग्नेय आशियात औषधं आणि दारू करायला जात. २०१७ साली सरकारनेच ८०० सांगाडे निर्यात करायची परवानगी दिली होती, २०१८ साली तो आकडा १,५०० केला. २०१९ साली प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने हे दोन्ही कोटे बेकायदा ठरवले.

मराठीत सिंहाच्या पिल्लाला 'छावा' म्हणतात. तो शब्द उच्चारताना आपला आवाज कसा बदलतो! आणि त्याच छाव्याला दिवसभर या हातातून त्या हातात देत फिरवायचं. एवढ्या लहान पिल्लाला दिवसाचा बहुतेक वेळ झोप लागते. रांगेतल्या पन्नासाव्या माणसाच्या मांडीवर ते गप्प पडून असतं त्याला लोक 'किती गोड, किती शांत' म्हणतात. दमलेलं असतं ते.

तुम्ही स्वतः कधी असा फोटो काढलाय का?

हो. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी. सासूबाई आल्या होत्या, कुणीतरी एक पार्क सुचवलं, आणि आम्ही सगळे रांगेत उभे राहिलो. पिल्लू सासूबाईंच्या पदराशी खेळत होतं. पदर फाटला, सगळे हसलो. बाहेर पडताना मी तिथल्या पोराला सहज विचारलं, "ही मोठी झाली की कुठे जातात?" तो म्हणाला, "फार्मवर." कुठल्या फार्मवर, ते त्याला सांगता आलं नाही, किंवा सांगायचं नव्हतं. तो फोटो अजून कपाटात आहे, पण आता भिंतीवर नाही.

एवढं वाईट आहे तर सरकार बंद का करत नाही?

करतंय, पण गोगलगायीच्या गतीने. देशात पिंजऱ्यातले सिंह आठ हजारांच्या आसपास आहेत आणि ते तीनशेहून जास्त ठिकाणी विखुरलेले आहेत. मोकळ्या रानातल्या सिंहांच्या दुपटीहून जास्त संख्या झाली ही. मे २०२१ मध्ये तेव्हाच्या पर्यावरणमंत्री बार्बरा क्रीसी यांनी पिंजऱ्यातली पैदास आणि पिल्लं हाताळण्याचा धंदा थांबवायची शिफारस मान्य केल्याचं जाहीर केलं. २०२४ साली मंत्रिमंडळाने मालकांना स्वेच्छेने बाहेर पडायचा मार्ग दाखवणारा अहवाल स्वीकारला. पण मालक कोर्टात जाऊ शकतात, रोजगाराचा प्रश्न आहे, आणि सगळ्यात अवघड म्हणजे आठ हजार सिंह ठेवायचे कुठे? माणसाच्या हातावर वाढलेला सिंह जंगलात सोडता येत नाही. त्याला माणसाची भीती नसते. तो सरळ वस्तीत येईल.

तेव्हा 'कायदेशीर आहे ना, मग झालं' हे उत्तर इथे पुरत नाही. गिऱ्हाईक कमी झालं की धंदा आटतो, आणि गिऱ्हाईक म्हणजे आपणच.

चांगली जागा ओळखायची कशी? वेबसाइट तर सगळ्यांचीच छान असते.

वेबसाइटवरचे फोटो बघा. एकाही फोटोत माणसाचा हात जनावराला लागलेला दिसला तर तिथेच थांबा. मग फोन करून किंवा ईमेलने विचारा: तुमच्याकडे पिल्लं जन्मतात का? जनावरं विकता किंवा दुसरीकडे पाठवता का? प्रत्येक जनावर कुठून आलं ते सांगाल का? खऱ्या जागेला या प्रश्नांचा राग येत नाही. उलट ते तुम्हाला एकेकाची कुंडली सांगत बसतात, थांबवावं लागतं. खोट्या जागेचं उत्तर गोलगोल असतं, 'संवर्धनासाठी', 'जनजागृतीसाठी' वगैरे. पिंजऱ्यात जन्मलेल्या आणि हातावर वाढलेल्या सिंहांनी जंगलातली संख्या वाढत नाही, त्यामुळे 'संवर्धनासाठी पैदास' म्हटलं की समजून जा.

इथल्या पर्यटन व्यावसायिकांच्या 'सात्सा' या संघटनेनेही २०१९ साली आपल्या सदस्यांसाठी मार्गदर्शिका काढली. वन्य प्राण्यांची पिल्लं हाताळणं, सिंह-वाघांबरोबर चालणं, जनावरांकडून खेळ करून घेणं, हत्तीवर बसणं, हे सगळं तिने टाळण्याच्या यादीत टाकलंय. तुमच्या टूरवाल्याने 'सगळेच करतात' म्हटलं तर हे ऐकवायला उपयोगी पडतं.

मग कुठे जावं?

माझं मत विचाराल तर फ्री स्टेट प्रांतात बेथलहेम गावाजवळचं लायन्सरॉक. जोहान्सबर्गहून गाडीने साधारण तीन तास. 'फोर पॉज' ही प्राणिकल्याण संस्था ते चालवते. विशेष म्हणजे पूर्वी याच जागेवर सिंहांची पैदास व्हायची. जमीन विकत घेऊन त्यांनी तो प्रकार बंद केला. आता सुमारे साडेबाराशे हेक्टरवर सर्कस, मोडकळीला आलेली प्राणिसंग्रहालयं, लोकांच्या परसातले पिंजरे अशा ठिकाणांहून सोडवून आणलेले सिंह, वाघ, बिबटे मोठ्या कुंपणांत राहतात. आत राहायला लॉजही आहे.

केप टाउनलाच मुक्काम असेल तर हर्मानसला देवमासे बघून पुढे स्टॅनफर्डजवळचं पँथेरा आफ्रिका बघा. गार्डन रूटने पूर्वेकडे उतरणार असाल तर शामवारी रिझर्व्हमध्ये 'बॉर्न फ्री' संस्थेची सुटका केलेल्या जनावरांची केंद्रं आहेत. तिन्हीकडे आधी बुकिंग करा, आयत्या वेळी दारात जाऊन उभं राहू नका.

हात लावायचा नाही, शिकार नाही, सिंह झोपलेले. तीन तास गाडी हाकून बघायचं काय?

आमच्या घरीही हाच वाद झाला होता. सिंह दिवसाचे वीस-वीस तास झोपतो हे खरं आहे, सँक्च्युअरीतला काय आणि जंगलातला काय. पण लायन्सरॉकचा गाइड गाडी थांबवून समोरच्या जनावराची हकिगत सांगायला लागला की झोपलेला सिंहसुद्धा वेगळा दिसतो.

गाझा पट्टीतल्या खान युनिसच्या प्राणिसंग्रहालयात शेवटपर्यंत तग धरलेला लाझीझ नावाचा वाघ २०१६ साली इथे आला. इराकमधल्या मोसुलच्या उद्ध्वस्त प्राणिसंग्रहालयात एक सिंह आणि एक अस्वल एवढेच दोघे जिवंत उरले होते. त्यातला सिंबा हा सिंह आणि सीरियातल्या अलेप्पोजवळून सोडवलेला सईद हा सिंह २०१८ साली जॉर्डनमार्गे इथे पोचले. मला सगळ्यात चटका लावून गेली ती अर्जेंटिनाच्या वाघांची गोष्ट. एका फिरत्या सर्कशीने २००७ साली दोन वाघ एका शेतकऱ्याकडे 'थोडे दिवस ठेवा' म्हणून सोडले आणि सर्कस परत आलीच नाही. ते वाघ, आणि पुढे त्यांची दोन पिल्लं, अशी चार जनावरं जुन्या रेल्वेच्या डब्यात पंधरा वर्षं राहिली. २०२२ साली त्यांना विमानाने इथे आणलं तेव्हा त्यांच्या पायांना गवत ठाऊकच नव्हतं. चौघांतल्या एकाचं नाव मेसी. अर्जेंटिनाचा वाघ, दुसरं काय असणार!

आणखी एक गंमत तिथेच कळली. सँक्च्युअरीत पिल्लं होऊ देत नाहीत, पण नर सिंहाचं खच्चीकरण करत नाहीत, नसबंदी करतात. कारण खच्ची केलेल्या सिंहाची आयाळ गळून जाते.

आमच्या टूरमध्ये सन सिटीचे दोनच दिवस आहेत. सिंह बघता येईल का?

येईल, आणि तोही मोकळा. सन सिटीला लागूनच पिलानेसबर्ग आहे. विझलेल्या ज्वालामुखीच्या कड्यांत वसलेलं मोठं राखीव रान, १९७९ नंतर बाहेरून जनावरं आणून पुन्हा वसवलेलं. पहाटेची उघड्या ट्रकमधली सफारी घ्या. टूरवाले पुष्कळदा दुपारची सुचवतात कारण सगळे नाश्ता करून निघू शकतात. उन्हात सिंह कुठल्यातरी झुडपाखाली आडवा असतो. नाश्ता रोजच मिळतो.

क्रूगरला गेलं तर सिंह दिसणारच ना?

'च' कुणी लावू नका. तीन दिवस दिले तर शक्यता चांगली, एका दिवसात नशिबावर. सिंहांसाठी मधल्या भागातल्या साताराच्या आसपास फिरा. हो, सातारा नावाचा कँप खरंच आहे! प्रत्येक मराठी माणूस पाटीपाशी फोटो काढतो, आम्हीही काढला. बिबट्या हवा असेल तर शेजारची साबी सँड ही खाजगी रिझर्व्ह प्रसिद्ध आहे, पण तिथले दर ऐकून बसायला खुर्ची जवळ ठेवा.

स्वतः गाडी चालवायला हरकत नाही. आपल्यासारखंच डाव्या बाजूने चालवतात, डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ५०, मातीच्या रस्त्यावर ४०. कँपचं दार संध्याकाळी ठरल्या वेळी बंद होतं. उशीर झाला तर दंड, आणि विनवण्या चालत नाहीत.

गाडीची काच थोडी खाली केली तर चालेल?

लायन पार्कात अजिबात नाही. जून २०१५ मध्ये जोहान्सबर्गजवळच्या एका पार्कात उघड्या खिडकीतून सिंहिणीने पर्यटक महिलेचा जीव घेतला. माणसाला सरावलेलं जनावर जंगली जनावरापेक्षा जास्त जवळ येतं, हे उलटं वाटलं तरी खरं आहे. क्रूगरमध्ये लोक काच थोडी उघडतात, पण सिंह जवळ असेल तर बंद. गाडीतून उतरणं तर नाहीच, हात किंवा डोकं बाहेर काढणंही नाही. मुलांच्या बाजूच्या काचेला चाइल्ड लॉक लावा.

पांढरा सिंह आणि लायगर कुठे दिसतील?

पांढरा सिंह हा अल्बिनो, म्हणजे अंगात रंगद्रव्यच नसलेला, नसतो. दबलेल्या जनुकामुळे रंग फिका पडतो, आणि असे सिंह क्रूगरलगतच्या तिंबावती भागात निसर्गतःही जन्मलेले आहेत. पण पार्कात पांढरे सिंह गर्दीने दिसले तर समजा की नात्यातल्या नात्यात पैदास करून काढलेत. आपल्या रेवाच्या पांढऱ्या वाघांचं तेच झालं. १९५१ साली पकडलेल्या मोहन या एका वाघापासून तो वंश वाढवला गेला. लायगर तर निव्वळ माणसाचा उद्योग, सिंह आणि वाघीण एकत्र ठेवून केलेला. आणि वाघ मुळात आफ्रिकेचा नाहीच. आफ्रिकेत वाघाचं पिल्लू मांडीवर देणारी जागा दिसली की उलट्या पावली फिरा.

चित्ता तर माणसाळतो म्हणतात. त्याला कुरवाळलं तर?

माणसाळतो हे खरं. कोल्हापूर संस्थानात चित्तेवान असत. आपल्याकडचे चित्ते संपत आल्यावर आफ्रिकेतून आणून काळविटांच्या शिकारीसाठी ते शिकवले जात. पण माणसाळणं वेगळं आणि दिवसभर अनोळखी माणसांचे हात अंगावर घेणं वेगळं. तरीही इथे मी सिंहाइतकी ठाम नाही. चित्त्यावर गंभीर काम करणाऱ्या काही केंद्रांतही शाळकरी मुलांसमोर एखादा माणसाळलेला चित्ता आणतात. मी स्वतः लांबून बघते. फेब्रुवारी २०२३ मध्ये इथून बारा चित्ते कुनोला गेले तेव्हापासून भारतातून येणारे पाहुणे चित्त्याबद्दल फारच आपुलकीने विचारतात.

कधी यावं? कपडे काय आणावेत?

जून ते सप्टेंबर. गवत सुकलेलं असतं, पाणवठे कमी होतात, जनावरं दिसतात. पण तेव्हा इथे हिवाळा असतो. बेथलहेमला पहाटे पारा शून्याखाली जातो, आणि उघड्या ट्रकमध्ये वाऱ्याने तो आणखी बोचतो. कानटोपी, हातमोजे, जाड जाकीट आणा. 'आफ्रिका म्हणजे ऊन' म्हणून कॉटनच्या शर्टावर आलेले एक काका आमच्या घरच्या दुलईत गुंडाळून सफारीला गेले होते.

मलेरिया, पिवळा ताप, लहान मुलांची कागदपत्रं?

क्रूगर मलेरियाच्या पट्ट्यात येतं, विशेषतः पावसाळ्यात, म्हणजे आपल्या हिवाळ्यात. निघण्याआधी डॉक्टरांना विचारून गोळ्या घ्या. पिलानेसबर्ग आणि लायन्सरॉकला ती काळजी नाही, म्हणून लहान मुलं असतील तर तिकडेच जा. केनियाचा मसाईमारा जोडून करणार असाल तर पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र लागेल, इथे येताना आणि भारतात परततानाही. लस निघायच्या किमान दहा दिवस आधी, अधिकृत केंद्रातच. मुलांच्या जन्मदाखल्यावर आई-वडील दोघांचीही नावं हवीत. व्हिसाच्या वेळी तो मागतात.

शाकाहारी माणसाचं कसं?

शहरांत काळजी नाही. जंगलातल्या कँपात चिप्स, सँडविच, कधी भाजी-पास्ता. शेंगदाण्यांशेजारी सुकवलेल्या पट्ट्यांची पाकिटं दिसतील, ते बिल्टाँग, म्हणजे वाळवलेलं मांस. 'मसाला पापडी' समजून कुणी तोंडात टाकू नका. दशम्या आणि लसणाची चटणी आणा, सफारीच्या पहाटे तिच्यासारखं काही नाही.

मुलीला कॉलेजच्या सुट्टीत सिंहांच्या पिल्लांसोबत व्हॉलंटियर म्हणून यायचंय. पैसेही भरायचे आहेत. पाठवावं का?

'पिल्लांसोबत' आणि 'पैसे भरून' हे दोन्ही एकत्र आलं की नको. भरपूर पैसे देऊन पिल्लांना बाटली पाजायला आलेली परदेशी मुलं हाच त्या फार्मांचा मोठा उत्पन्नाचा मार्ग आहे. मुलं मनापासून काम करतात, घरी जाताना रडतात, आणि त्यांनी वाढवलेलं पिल्लू पुढे शिकाऱ्यासमोर उभं राहतं. तिला खरंच काम करायचं असेल तर कुंपण दुरुस्त करायचं, मांस तोडायचं, आवार झाडायचं काम देणारी जागा शोधू दे. तिथे सिंहाला हात लागणार नाही, हाताला घट्टे मात्र पडतील.

सिंहाच्या नखाचं लॉकेट मिळतं म्हणे. बाळाला वाघनख म्हणून घालायला आणू का?

आणू नका. सिंहाची नखं, दात, हाडं यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 'साइट्स' कराराचं नियंत्रण आहे. परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत, आणि मुंबई विमानतळावर सापडलं तर आपल्या वन्यजीव कायद्याचं लचांड मागे लागेल. रस्त्यावरचा विक्रेता 'खोटं आहे, प्लॅस्टिकचं' म्हणाला आणि ते खरंच प्लॅस्टिकचं असलं, तरी कस्टमच्या टेबलावर ते सिद्ध करत बसायची हौस कुणाला? बाळाला चांदीचं करून घाला, पेठेतला सोनार दोन दिवसांत देतो.